पडद्यावरची पंगत

आमच्या धाड गावची उमैमा नेमकं काय काम करते, हे गावाला समजावता समजावता माझं डोकं उठलं आहे. लोकांना वाटायचं, पोरगी घरात बसून गेम खेळते. तसं नाही हो! पुण्यातली तिची कंपनी मोठ्या उत्सवांची गर्दी आधी संगणकात चालवून बघते. पडद्यावर लाखभर माणसं चालतात, बसतात, रांगा लावतात. क्षणाक्षणाला कोण कुठे आहे याची नोंद साठवायची आणि ती साठवण तुंबू द्यायची नाही, हे उमैमाचं काम.

ती धाडहून काम करायची, कारण वडिलांना, बद्रुद्दीनभाईंना, फारसं दिसत नाही आणि घरात दुसरं कोणी नाही. कंपनीने अट घातली होती. हिवरा आश्रमाच्या बाजूच्या एका उत्सवाची पंगत पडद्यावर बिनचूक चालवून दाखव, मग कायम घरूनच कर. चूक झाली तर पुण्याला ये.

तिकडची पंगत म्हणजे उघड्या शेतात लांबच लांब रांगा, आणि वाढायला ट्रॅक्टर. शेवटच्या पानात पुरी पडेपर्यंत पहिला माणूस घासाला हात लावत नाही.

पडद्यावर ट्रॅक्टर सुसाट निघाले. वाढणं निम्म्या वेळात आटोपलं. पुण्याचे साहेब, आल्हाद, जाम खूश.

"उमैमा, तू धाडलाच राहा. उद्या आयोजकांना हेच दाखवू. त्यांचे निम्मे ट्रॅक्टर वाचतील."

पोरीला तो वेग पचेना. तिने साठवलेल्या नोंदी उघडल्या आणि ती हबकलीच. साठवण हलकी राहावी म्हणून तिनेच नियम घातला होता, की जो बराच वेळ हलला नाही तो निघून गेला समजून पुसायचा. बाजाराच्या गर्दीला हा नियम ठीक होता. पंगतीत मात्र वाट बघत गप्प बसलेली माणसंच पुसली गेली. वाढायला कोणी उरलं नाही, मग ट्रॅक्टर लवकर मोकळे होणार नाहीत तर काय!

मी तेव्हा त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. तिने अब्बांना सगळं सांगितलं.

"मी चूक सांगितली तं मले पुण्याले जावं लागन, अब्बा. तुमच्याजवळ कोण राहीन?"

बद्रुद्दीनभाई चिडलेच. "खऱ्या पंगतीतले लोक उपाशी उठवून तू माह्याजवळ राह्यली, तं माह्या गळ्याखाली घास उतरन काय? लाव फोन."

तिने लावला. आल्हादने आभार मानले, आयोजकांना सगळे ट्रॅक्टर ठेवायला सांगितलं, आणि अटही सोडली नाही. मला त्या माणसाचा अजून राग आहे.

उमैमा पुण्याला गेली. बद्रुद्दीनभाईंचा डबा आमच्या घरून जातो. उत्सवाला मी त्यांना जीपने घेऊन गेलो. पानात पुऱ्या पडल्या. सगळ्यांचं वाढून व्हायचं होतं, म्हणून ते हात मांडीवर ठेवून बसले आणि मला म्हणाले, फोन लावून द्या.

"वाढलं रे बेटा," ते म्हणाले. "सगळ्याइले वाढून राह्यले. तू जेवली का?"

पलीकडे पोरगी रडत होती. इकडे मीही.