उत्कर्षाताईंनी कायद्यात घातलेलं वाक्य

धनकवडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी उत्कर्षाताई मेश्राम यांची पिठाची गिरणी आहे. त्या मूळच्या भंडाऱ्याच्या. नवऱ्याला चाकणच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा पुण्यात आल्या. मुलगी शाळेत जायला लागल्यावर कुणीतरी विकायला काढलेली ही गिरणी त्यांनी घेतली. गव्हानंतर ज्वारी, ज्वारीनंतर बाजरी, भाजणी सगळ्यात शेवटी, हा क्रम त्या कुणासाठीही मोडत नाहीत. दळण होईपर्यंत समोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्या प्रश्न विचारत राहतात. आमच्या इमारतीत नवीन राहायला आलेला आयटीतला एक मुलगा पाच किलो गहू घेऊन गेला आणि आपली कंपनी नेमकं काय बनवते हे समजावता समजावता घामाघूम झाला. शेवटी ताईंनी विचारलं, "पण हे लागतं कुणाला?" तो म्हणाला, "मॅनेजरला विचारून सांगतो."

ही खोड लहानपणाची. त्यांचे वडील भंडाऱ्याच्या कोर्टात बेलीफ होते. ते समन्स द्यायला निघाले की ही मुलगी सायकलवर मागे बसायची. परतताना तिचं सुरू व्हायचं: त्या माणसानं काय केलं, नोटीस कुणी काढली, काढणाऱ्याला कुणी सांगितलं. वडील म्हणायचे, "मी फक्त पोचवतो, बाई." एवढ्या उत्तरावर तिचं समाधान कधी झालं नाही.

मागच्या वर्षी गिरणीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी आली. विधिमंडळात एक नवं विधेयक मांडलं गेलं होतं. लोकांना धान्य किंवा मसाला दळून देणाऱ्या प्रत्येकाने पूर्ण बंदिस्त यंत्र बसवायचं आणि नमुने वरचेवर प्रयोगशाळेत तपासून घ्यायचे. तसलं यंत्र घ्यायचं तर अख्खी गिरणी विकूनही पैसे पुरले नसते.

गिरणी संघटनेचे अध्यक्ष बापूराव चोरघे यांनी भवानी पेठेतल्या एका हॉलमध्ये सभा बोलावली. बापूरावांची स्वतःची गिरणी तिसऱ्या पिढीची, आवाज दगडावर दगड घासल्यासारखा. सभेत सरकारच्या नावाने भरपूर बोटं मोडून झाली. मोर्चा काढायचा की बंद पाळायचा यावर वाद रंगला, तेव्हा उत्कर्षाताई उठल्या.

"पण हा कायदा मागितला कुणी?" त्यांनी विचारलं. "माझ्याकडं तर कुणी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं नाही. तुमच्याकडं आलं का?"

पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी नकारार्थी मान हलवली.

"सरकारला वाटलं म्हणून केला," बापूराव म्हणाले. "सरकारला असं अधूनमधून वाटतं."

"असं कसं आपोआप वाटेल? कुणीतरी जाऊन सांगितलं असेल ना?"

"मग तुम्हीच शोधा आणि आम्हालाही कळवा. आम्ही इथंच आहोत, कुठं जाणार?"

बापूराव टोमणा मारून मोकळे झाले, पण ताईंनी ते काम खरोखरच अंगावर घेतलं. आधी त्यांनी तपासणीला येणाऱ्या अन्न निरीक्षकांना गाठलं. ते म्हणाले, "मॅडम, आम्हालाही पेपरातूनच कळलं." मग शनिवारी त्या आमदारांच्या संपर्क कार्यालयात जाऊन बसल्या. विधेयक ज्या समितीकडे गेलं होतं, त्या समितीत आपले आमदार आहेत एवढं त्यांनी तोवर शोधून काढलं होतं. नंबर लागला तेव्हा आमदार चहा घेत होते. माणूस मोकळा. ताईंचा प्रश्न ऐकून ते हसले.

"ताई, खरं सांगू? मी अजून वाचलेलं नाही. समितीपुढं कितीतरी विधेयकं असतात. यावर उद्योगवाल्यांच्या मंडळानं एक सादरीकरण केलं होतं, छान होतं. त्यांचा एक मुलगा आहे, पृथ्वीराज. त्याला सगळं पाठ आहे. नंबर देऊ?"

ताईंना वाटलं होतं, आपल्याला आता कुठेतरी अडवतील, टोलवतील. इथे तर आमदारच नंबर देत होते. त्यांनी तो घेतला आणि बाहेर येऊन पायरीवरूनच फोन लावला.

पृथ्वीराज दुसऱ्या दिवशी गिरणीतच आला. पंचविशी-तिशीचा, पाठीला सॅक, पॅकबंद पीठ आणि मसाले बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या मंडळात धोरण अधिकारी. गिरणी चालू होती. पिठाचा धुरळा हवेत उडत होता, भिंती, वायरी, कॅलेंडर सगळं पांढरं झालं होतं. त्याला दोनदा ठसका लागला.

"मॅडम, हेच बघा," तो म्हणाला. "तुम्ही दिवसभर हे श्वासातून आत घेताय. हे चांगलं आहे का?"

ताईंनी प्रामाणिकपणे मान हलवली. दर हिवाळ्यात त्यांना महिनाभर खोकला असतो. "नाही, चांगलं नाही. पण एवढं महागडं यंत्र मी आणू कुठून? आणि हे सगळं लिहिलं कुणी, ते सांगा मला."

"मसुदा आमच्याकडूनच गेला," पृथ्वीराज सहज म्हणाला. "खात्यात माणसं कमी आहेत. त्यांनी सूचना मागवल्या होत्या, वेबसाइटवर होत्या. आमच्याशिवाय कुणीच काही पाठवलं नाही. आम्ही वकील बसवून पूर्ण मसुदाच दिला. त्यांनी थोडा बदलून घेतला."

ताईंनी गिरणी बंद केली. त्यांना नीट ऐकायचं होतं.

"आणि निवडणुकीत तुमच्या कंपन्या पैसे देतात म्हणे?"

"देतो. चेकने. सत्तेतल्यांना देतो, विरोधकांनाही देतो. लपवण्यासारखं काही नाही, सगळं जाहीर असतं."

"मग त्याच्या बदल्यात हा कायदा मिळाला?"

"नाही हो!" त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "बदल्यात आम्ही काही मागत नाही. फक्त, आम्ही फोन केला की उचलला जातो. तेवढंच."

तो गेला तरी ताईंनी गिरणी पुन्हा चालू केली नव्हती. समोर मसाल्याचा डंक चालवणाऱ्या कांताबाई पोकळे रस्ता ओलांडून आल्या. कांताबाई धायरीकडच्या, साठीच्या. त्यांच्या डंकावर आसपासच्या चार वस्त्यांचं तिखट आणि काळा मसाला कुटून होतो.

"कोन हुता गं त्यो पोरगा? गिरनी का बंद केलीस?"

"कांतामावशी, यानं कायदा लिहिला."

"ह्यानं? मला वाटलं, बँकेचा मानूस हाय."

बापूरावांना मात्र ही हकीकत ऐकून काही नवल वाटलं नाही. त्यांनी एकच वाक्य उचललं. "फोन उचलला जातो म्हणाला ना? मग आपलाही उचलायला लावू." महापालिकेच्या निवडणुका जवळ आल्या होत्या आणि आमदारांच्या पक्षाला निधी हवाच होता. गिरणीवाल्यांनी वर्गणी काढली. ताईंच्या मनाला ते रुचत नव्हतं. "आपण तेच करायचं, काऊन?" असं त्यांनी विचारलंही. पण वर्गणी त्यांनी दिली, आणि बापूरावांबरोबर चेक द्यायलाही त्या गेल्या. हे असं खरंच चालतं का, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

चाललं. शाल आली, नारळ आला, फोटो निघाला. चारच दिवसांत आमदारांच्या सहायकाचा स्वतःहून फोन आला: मंत्रालयात वेळ घेतली आहे, या.

उपसचिवांच्या दालनात बापूरावांनी गिरणीच्या तीन पिढ्यांचा इतिहास सांगायला सुरुवात केली. उपसचिवबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. "ते मला मान्य आहे. तुम्हाला वाक्य काय हवंय, ते द्या."

"वाक्य म्हणजे?"

"सूट द्यायची तर कुठल्या शब्दांत द्यायची? तुमचा मसुदा नाही का?"

बापूरावांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी समोरचा कोरा कागद ओढला. खोडत, गिरवत त्यांनी लिहिलं: 'गिऱ्हाइकाने स्वतः आणलेले धान्य मजुरी घेऊन दळून देणाऱ्या पिठाच्या गिरणीस या कलमातील तरतुदी लागू असणार नाहीत.' उपसचिवबाईंनी 'गिऱ्हाइकाने' खोडून 'ग्राहकाने' केलं आणि कागद फाइलीत ठेवला.

हिवाळी अधिवेशनात विधेयक मंजूर झालं. ताईंनी राजपत्र मोबाइलवर उघडलं आणि कलम शोधलं. त्यांचं वाक्य होतं तसं तिथे होतं, फक्त 'ग्राहकाने' एवढा बदल. त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्या गिऱ्हाइकांना ते वाचून दाखवलं. भंडाऱ्याला आईला फोन करून सांगितलं. रात्री नवरा कामावरून आला, त्यालाही मोबाइल हातात देऊन वाचायला लावलं.

तिसऱ्या दिवशी कांताबाई आल्या. हाताला तिखट लागलेलं, त्यामुळे मोबाइल कोपराने ढकलत म्हणाल्या, "ह्यात माझ्या डंकाचं कुटं हाय, दाखीव."

ताईंनी वाक्य पुन्हा वाचलं. धान्य. पिठाची गिरणी. दळून. मिरची त्यात नव्हती, मसाला नव्हता, कांडप नव्हतं. मूळ कलम मात्र मसाल्यालाही लागू होतं. मंत्रालयात तो कागद पुढे आला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आपली गिरणी होती, बापूरावांची होती, समोरचा डंक नव्हता. रोज सकाळी शटर उघडताना पहिला दिसतो तो डंक.

"मावशी, माझ्या लक्षातच आलं नाही," त्या म्हणाल्या.

"आसू दे," कांताबाई म्हणाल्या, पण त्या चहाला थांबल्या नाहीत.

ताईंनी बापूरावांना फोन केला. "डंकवाले आपले सभासद नाहीत," ते म्हणाले. "त्यांनी त्यांची संघटना काढावी." आमदार बैठकीत होते, मग दौऱ्यावर, मग पुन्हा बैठकीत. पृथ्वीराजने मात्र फोन उचलला. "मॅडम, गिरण्यांची सूट आली तेव्हा आमच्याकडे विचारणा झाली होती. आम्ही हरकत घेतली नाही. खरं सांगायचं तर आमच्या कंपन्यांची वाढ मसाल्यातच आहे. तुम्ही मसाल्याबद्दल काही म्हणालाच नव्हता."

तो तिरकस बोलत नव्हता, फक्त माहिती देत होता. ताईंना त्याचा राग यायला हवा होता, पण त्यांच्या डोक्यात भलताच प्रश्न घोळत होता: अजून कुठे कुठे, कुणाच्या कुठल्या शब्दात कोण राहून गेलं असेल? इतर कायद्यांतली अशी वाक्यं कुणी लिहिली असतील?

कायद्याखालचे नियम अजून व्हायचे होते. त्यांचा मसुदा वेबसाइटवर येणार आणि हरकतींसाठी मुदत मिळणार, हे ताईंना आता माहीत होतं. त्या रोज सकाळी, पहिलं दळण टाकायच्या आधी, वेबसाइट उघडून पाहू लागल्या. मसुदा आला तशा त्या कांताबाईंना घेऊन निघाल्या. धनकवडी, आंबेगाव, कात्रज, जिथे जिथे डंकाचा ठोका ऐकू आला तिथे त्या थांबल्या. बहुतेक ठिकाणी डंकावर बायकाच होत्या. एकीने विचारलं, वर्गणी किती काढायची? कांताबाई फटकन म्हणाल्या, "रुपाया देनार न्हाई मी. मत देती ते काय फुकटचं हाय व्हय?"

वर्गणी निघाली नाही. हरकती मात्र गेल्या, प्रत्येकीच्या स्वतःच्या शब्दांत, काही तर तिखटाच्या बोटांच्या ठशांसकट.

सुनावणी पुण्यातच झाली. पृथ्वीराज पहिल्या रांगेत लॅपटॉप उघडून बसला होता. त्याने ताईंना ओळखून नमस्कार केला. कांताबाईंचं नाव पुकारलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि अधिकाऱ्याला म्हणाल्या, "साहेब, आपन बंदिस्त करा म्हनता. बरूबर हाय, माझं डोळं रोज चुरचुरत्यात. पन त्ये कंपनीचंच मशिन पायजे, हे कशापायी?"

अधिकाऱ्याने नियमाचा मसुदा पुन्हा चाळला. त्यात 'मान्यताप्राप्त उत्पादकाचे' असे शब्द होते. ते शब्द कशासाठी आहेत हे त्याने पृथ्वीराजला विचारलं. पृथ्वीराजने उत्तर दिलं, लांबलचक. अधिकाऱ्याने काहीतरी टिपून घेतलं.

अंतिम नियम आले तेव्हा ते दोन शब्द गेले होते. प्रयोगशाळेची तपासणी मात्र राहिली, वर्षातून एकदा. दोन डंक त्यामुळे बंद पडले. आंबेगावच्या एका बाईंनी डंक विकून पोळीभाजीचे डबे सुरू केले. कांताबाईंनी ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून डंकाभोवती पत्र्याची पेटी करून घेतली, वर धुराड्यासारखा पाइप. पैशांवरून त्या त्याच्याशी आठवडाभर भांडल्या. पेटी बसल्यावर डोळे कमी चुरचुरायला लागले, तेही त्यांनीच सांगितलं, जरा नाइलाजाने.

ते पाहून उत्कर्षाताईंनीही गिरणीला तशीच पेटी करायला टाकली. त्यांच्या वाक्यामुळे त्यांना तसं करणं सक्तीचं नव्हतं. फॅब्रिकेटर माप घ्यायला आला, तेव्हा त्या त्याला विचारत होत्या, वेल्डिंगच्या कामाला म्हणे नवीन नियम येताहेत, ते कुणी मागितले, तुला काही ठाऊक आहे का?