दारातून न जाणारा पलंग

आमच्या ह्यांनी हौसेने एकच पलंग केला आणि तोही दारातून आत गेला नाही. सुताराच्या बायकोला थट्टेसाठी याहून चांगलं काय मिळणार? मी ती थट्टा पुरवून पुरवून वापरली. पाहुणे आले की चहाच्या आधी सांगायची, "ह्यांनी जगाची मापं घेतली, तेवढं दार मोजायचं राहिलं." हे मिशीतल्या मिशीत हसायचे. कधी उलटून बोलले नाहीत.

धुळ्याकडून आम्ही सिल्वासाला आलो ते ह्यांच्या नोकरीपायी. कारखान्यात मशिनांसाठी लाकडी खोकी बनायची. दिवसभर पाइनच्या फळ्या आणि खिळे. "आमचं काम फोडण्यासाठीच असतं," हे म्हणायचे. "माल पोचला की खोकं फोडायचं. आपण केलेलं एक तरी कुठे उभं असेल का, देव जाणे." सुट्टीच्या दिवशी मात्र सकाळीच खानवेलची बस धरायचे आणि दिवसभर रानात हिंडायचे. परतताना शर्टाला कुसळं आणि पिशवीत वाळक्या लाकडाचा तुकडा. तो माझ्या नाकाशी धरून म्हणायचे, "वास घे." मी म्हणायची, "ठेवा तिकडे, माझे हात पिठाचे आहेत."

सामरवरणीत आम्ही घर घेतलं, गच्चीच्या अगदी खाली. मला आवडलं. ह्यांना तेही खोकंच वाटलं. लहानपण शेतात, उघड्यावर झोपण्यात गेलेलं. छताखाली डोळा लागत नाही म्हणून कूस बदलत राहायचे आणि मलाही जागं ठेवायचे. मग अथालला कुणाचं तरी जुनं घर पाडलं, तिथून सागाच्या तुळया आणल्या. गच्चीवर, टाकीशेजारच्या पत्र्याच्या आडोशाला काम सुरू झालं. सगळा हिवाळा माझ्या डोक्यावर रंधा चालू होता. पापड वाळत घालायला येणाऱ्या बायका खाली येऊन मला बातम्या द्यायच्या, की आज पाय झाले, आज फळ्या बसल्या.

पलंग झाला तो चांगला ऐसपैस. चार जणांनी उचलला, आडवा केला, उभा केला, तिरका केला; गच्चीच्या दारातून काही निघेना. हे म्हणाले, "आता फोडल्याशिवाय निघत नाही. राहू द्या वरच." आणि त्याच दिवशी नुसती उशी घेऊन वर गेले.

पाऊस सोडला तर तेव्हापासून ह्यांचं झोपणं गच्चीवर. सुरुवातीला मला बोलवायचे. "ये की वर. सकाळी उठल्या उठल्या खानवेलकडचे डोंगर दिसतात."

"डोंगर काय पळून जाणार आहेत?" मी म्हणायची.

डास होते, गुडघे होते, पण खरी गोष्ट लाजेची. गच्ची सगळ्या बिल्डिंगची. तिथं नवराबायकोनं झोपायचं म्हणजे उद्या पापडवाल्या बायकांच्या तोंडी आपणच. शिवाय मनातून मी रुसलेली होते. एका पलंगापायी ह्यांनी मला खाली पंख्याशी एकटीला सोडलं, असं मला वाटायचं. लेक लग्न होऊन नाशिकला गेल्यावर तर फारच वाटायला लागलं. हळूहळू ह्यांनी बोलवायचं सोडलं.

मागच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि हे गेले. मी गच्चीचा जिना चढायची बंद झाले.

आता सोसायटीला गच्चीवर सोलर बसवायचंय. सेक्रेटरी पुण्याचे इंजिनियर, बोलायला मऊ. म्हणाले, "काकू, पलंग कापून काढावा लागेल. तुम्हीच म्हणायचात ना, दारातून जात नाही." माझीच थट्टा माझ्या अंगाशी आली. मी म्हटलं, "करवत आधी माझ्यावर चालवा." त्यांना वाटलं म्हातारी चळली. पण ह्यांच्या हातचं, कुणी न फोडलेलं, हे एकच काम जगात उरलं होतं.

तरी न कापता निघतो का, विचारून पाहावं म्हणून ह्यांच्या कारखान्यातल्या सोबत्याला बोलावलं. तो पलंगाखाली उताणा सरकला. एकेक सांधा बोटाने चाचपला. मग खालूनच म्हणाला, "वहिनी, याला एकबी खिळा नाही. समद्या लाकडी पाचरा आहेत, आतून लपवलेल्या. दोन ठोके मारा, पूरा मोकळा व्हतो. दादांनी मुद्दामच केलंय."

मुद्दाम! म्हणजे फोडायची गरज कधीच नव्हती. मला असा राग आला की हे समोर असते तर भांडलेच असते. मी पाहुण्यांपुढे ह्यांना हसायची, आणि हे उघड्यावर झोपायला मिळावं म्हणून निमूट हसू देत होते. सरळ सांगितलं असतं तर मी काय ह्यांना खाल्लं असतं?

सोबत्याने पाचरा ठोकून काढल्या. एकेक फळी दारातून सहज उतरली. संध्याकाळच्या आत पलंग हॉलमध्ये पुन्हा उभा राहिला. चालायला जागा उरली नाही, पण ते माझं मी बघेन. तो गेल्यावर फडकं घेऊन पुसायला बसले आणि हात थांबला. भिंतीकडची फळी ह्यांच्या पाठीने घासून काळपट झालेली, गुळगुळीत, पाटावरवंट्यासारखी. अलीकडच्या फळीला अजून रंध्याचे ओरखडे होते. एवढी वर्षं एवढा मोठा पलंग एकट्याला मोकळा, आणि हा माणूस कडेला अंग चोरून झोपत होता.

आता दुपारची मी तिथंच पडते. भिंतीकडे सरकत नाही. खिडकीतून डोंगर दिसत नाहीत, समोरच्या बिल्डिंगचे कपडे वाळत घातलेले गज दिसतात. माझी बाजू अजून खरखरीत आहे, पाठीला टोचते.