पूर्व दरवाज्याचा फिका चहा

गेकलांग काकूंचा देवावर विश्वास होता, पण उदबत्ती लावताना त्या एक डोळा त्याच्यावरही ठेवत. माणसांची काय कथा!

चीनमधल्या छाओचौच्या जुन्या तटाच्या पूर्व दरवाज्याला पाठ लावून त्यांची टपरी. साच्यातून काढलेली लाल क्वे, म्हणजे तांदळाच्या पिठाची सारण भरलेली वडी, वाफवून विकायची, एवढाच धंदा. सासूनेही तिथेच बसून जन्म काढला. पण यंदा वसंतात कुजबुज उठली, की पर्यटनवाली कंपनी कमानीखालच्या टपऱ्या उचलून मागच्या बोळात टाकणार. बोळात मांजरसुद्धा मनाविरुद्धच जायचं, गिऱ्हाईक कुठलं!

नेमका तेव्हाच युआन उगवला. मऊ बूट, मऊ आवाज. रोज सकाळी यायचा, एक क्वे तासभर चघळायचा.

"काकू, ही पायरी किती जुनी हो?"

"तुमच्या बुटांपेक्षा जुनी."

शेजारच्या टपरीवर मुरवलेलं काळं महाळुंग विकणारा तान बुन हसला. "अगं गेकलांग, नुसता खातोय बिचारा."

"खाणारा माणूस क्वेकडे बघतो, बुनभाऊ. हा छत बघतोय. कंपनीचा आहे. लिहून ठेव."

आता दारी आलेल्याला चहा न पाजणं गावाला शोभत नाही, मग तो वैरी का असेना. पण गावाने त्यावर तोडही काढून ठेवली आहे. नवा पाहुणा आला की किटलीतली पानं बदलायची. बदलली नाहीत, जुन्याच चोथ्यावर पाणी ओतत राहिलं, की शहाण्याने समजावं, 'निघा आता', आणि उठावं. काकूंनी युआनला रोज तोच चोथा पाजला. कपाचा तळ दिसायचा.

"वा!" तो मिटक्या मारायचा. "किती हलका चहा!"

"बघितलंस?" तो गेला की काकू बुनला म्हणायच्या. "आपल्यातला असता तर पहिल्या कपाला उठला असता."

"नाहीतर निर्लज्ज असेल," बुन म्हणाला.

"कंपनीत दोन्ही चालतं."

काकूंचा संशय खरा ठरला, पण उलट्या अंगाने. युआन कंपनीचाच निघाला, आणि त्याच्या अहवालावरून तिथला दुसरा माणूस निरोप घेऊन आला: सगळ्या टपऱ्या बोळात, काकूंची मात्र जागच्या जागी. परगावचे लोक तिथे 'पूर्व दरवाज्याचा फिका चहा' प्यायला आणणार!

बुन बरण्या आवरत होता. "काय चारलंस गं त्याला?"

"चोथ्याचा चहा पाजला! तू डोळ्यांनी बघितलायस."

"हो हो. चोथ्याच्या चहावर जागा मिळते. आम्हीच वेडे." तो बोळात गेला, आणि जाताना निरोपही घेतला नाही.

मग रांगा लागल्या. लोक आनंदाने 'निघा आता' पिऊन फोटो काढू लागले. पुढे एकदा युआन आला. काकूंनी त्याच्याकडे रोखून बघत चोथा फेकला आणि ताजी पानं घातली.

युआन हसला. "अखेर बदललीत म्हणायची."

काकूंच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"आई नदीपलीकडची माझी. काकू, क्वे कुठेही मिळते म्हणून वरचे तुम्हालाही हलवत होते. फक्त इथेच मिळतं असं काहीतरी दाखवायला हवं होतं मला."

"आणि बुन?"

"महाळुंग सगळीकडे मिळतं," तो कपाकडे बघत म्हणाला.

खरं बोलतो की हेही कंपनीचंच? काकूंना ठरवता येईना. पण त्याच दुपारी रांग तशीच उभी सोडून, किटली आणि गावच्या रिवाजाप्रमाणे तीन कप घेऊन त्या बोळात गेल्या. बुनसमोर बसून त्यांनी सणाची राखून ठेवलेली उंची पानं घातली. वास बोळभर पसरला.

बुनने आधी किटलीत डोकावलं, मग काकूंच्या तोंडाकडे बघितलं.

"ताजी पानं? आणि माझ्यासाठी?" त्याने बरण्या जरा जवळ ओढल्या. "आता काय हवंय तुला?"

"थंड होतोय. पी."

त्याने बरणीचं झाकण आवळलं. मग एक कप उचलला, हुंगला आणि पुढे केला.

"आधी तू पी."