डावा दांडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही. तुला सांगतोय, म्हणून मला जवळचा समजू नकोस. सांगून टाकलं की मन हलकं होतं म्हणतात — मला नकोय तसलं काही.

राई गावच्या खाडीत आमची फायबरची जुनी होडी होती. माझी आणि बबनदादाची, म्हणजे थोरल्या चुलतभावाची, सामाईक. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. शेतं बिल्डरांच्या घशात गेली होती, उरली होती ती होडी. एका पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, तिचा डेक पायाखाली दबायला लागला म्हणून आम्ही तो कापून काढला. डेकखाली लांबीने दोन लाकडी दांडे असतात, फायबरात गुंडाळलेले. इंजिन त्यांच्यावरच बसतं. बाहेरून कसे ठणठणीत दिसत होते! पेचकस टोचला, तर चहात बुडवलेल्या पावात जावा तसा आत गेला. दोन्ही कुजलेले.

काम माझ्याकडे होतं. नवं लाकूड ताडपत्रीखाली हॅलोजन लावून वाळवायचं, मग बसवायचं, वर फायबरची मॅट आणि ती चिकटवायला रेझिन. आत ओल राहिली की संपलं. उजवा दांडा मी बदलला — मन लावून बदलला.

मग बबनदादा तारोडीच्या एका मिस्त्रीला घेऊन आला. माझं काम तपासायला! किनाऱ्यावर मंडळी जाळी दुरुस्त करत बसलेली, आणि हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतोय, "याला धड खिळा ठोकता येत न्हाय, जरा बघून घे." सगळे हसले. मिस्त्री म्हणाला, काम चांगलंय. ते कुणी ऐकलं? लहानपणापासून हेच. माझ्या लग्नातही त्याने पाहुण्यांपुढे माझी टर उडवली होती.

तू म्हणशील, एवढ्याशा बोलण्यावरून? हो — एवढ्याशा बोलण्यावरून.

डावा दांडा मी बदललाच नाही. वरवरचं कुजकं खरवडलं, पुट्टी भरली, मॅट चढवली आणि डेक बंद केला. त्या दांड्यासाठी आणलेलं लाकूड फोडून चुलीत घातलं. रंग दिल्यावर डेक इतका देखणा झाला की दादानेही त्यावरून हात फिरवला. होडी जरा कुरकुरेल, त्याची फजिती होईल, एवढंच माझ्या मनात होतं — असं मी स्वतःला सांगत आलोय. खोटं आहे ते. तसं असतं, तर नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीला पोट बिघडल्याचं सांगून मी घरी का बसलो असतो?

खाडीच्या तोंडाशी लाटा लागल्या. डाव्या बाजूचे बोल्ट उपटून आले, इंजिन कलंडलं, डेक खचला आणि दादाचा पाय मधे सापडला. दुसऱ्या होडीवाल्यांनी होडीसकट त्याला ओढून आणलं. मी काय केलं? इस्पितळात जायच्या आधी खाडीवर गेलो आणि कुजका दांडा उचकटून पाण्यात टाकला. मग त्याच्या खाटेशी उभा राहून, कुणी काही विचारायच्या आत म्हणालो, अशा लाटांत इंजिन एवढं रेटतात का? वहिनीने ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. त्यानेही ते खरं मानलं.

पाय वाचला, पण गुडघ्यात वाकत नाही. समुद्र कायमचा सुटला. हल्ली तो एका सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसतो. इस्पितळातून घरी आला तेव्हा चार माणसांसमोर त्याने माझे हात धरले. "सुऱ्या, आपली होडी मी घालवली. माफ कर." आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी खालच्या आवाजात बोलला. आणि मी — मी त्याला माफ केलं.

मला तो आजही आवडत नाही. तो मात्र भेटेल त्याला सांगतो, आमच्या सुऱ्याचं मन मोठं हाय. ते ऐकायला मला बरं वाटतं.