सासूबाई आणि तळ्यातला मासा

माझं माहेर भंडाऱ्याचं. आमच्याकडे पावलोपावली तळी, आणि मासा म्हणजे तळ्यातलाच. सासर मालवणचं. लग्नानंतर पहिल्याच जेवणाला सासूबाई म्हणाल्या होत्या, "गोड्या पाण्यातला मासा? चिखल खाल्ल्यासारखा लागतो." अकरा वर्षं मी हे ऐकून घेतलं, विसरले मात्र नाही. त्यांनी एकदा तरी माझ्या हातचा तळ्यातला मासा चवीनं खावा, एवढीच माझी इच्छा होती.

दोन हजार सहा-सातचा उन्हाळा असेल. त्या मँचेस्टरला आमच्याकडे आल्या होत्या, म्हणून एका शनिवारी आम्ही त्यांना विंडरमियरचं तळं दाखवायला नेलं. काठाला एक म्हातारा नाव बांधत होता. त्याच्या बादलीत ‘आर्क्टिक चार’ नावाच्या जातीचे दोन मासे होते, लालसर पोटाचे. सासूबाई सरळ खाली बसल्या, बोटानं कल्ले उघडून पाहिले, पाठ दाबून पाहिली. म्हातारा असा खूश झाला की त्यानं माशाची सगळी कुंडलीच मांडली. हिमयुगात हे मासे समुद्रातून वर आले, परतीची वाट बंद झाली आणि ते तळ्यातच राहिले. नवऱ्यानं आईला मराठीत समजावलं.

"म्हणजे मूळचा समुद्रातलाच," सासूबाई म्हणाल्या. "तरीच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हजारो वर्षं तळ्यात काढूनही तो बिचारा तळ्याचा झाला नव्हता! मी दोन्ही मासे घेतले आणि गाडीत बसताच सांगून टाकलं, "उद्या कोकम नाही, तिरफळं नाहीत. उद्या माझ्या आईची पद्धत." नवरा एकदम रस्त्याकडे फार लक्ष देऊ लागला.

रविवारी सकाळी कांदा आणि सुकं खोबरं गॅसवर भाजलं, लसूण सढळ हातानं घातला, रस्सा लालभडक केला. वास असा सुटला की माझा राग तिथेच ओसरला.

सासूबाईंनी पहिला घास घेतला. मग आपल्या हातानं आणखी भात वाढून घेतला, आणखी रस्सा. मी जेवायचं सोडून त्यांच्या ताटाकडे बघत होते.

"तुझी आई असाच करते?"

"तिचा याहून चांगला होतो."

आमचं लग्न मुंबईत झालं होतं. त्यानंतर लांब पडतं, ऊन फार, गुडघे दुखतात, असं करत त्या माझ्या माहेरी एकदाही गेल्या नव्हत्या.

"थंडीत तिकडे ऊन कमी असेल ना?" काटा बाजूला काढत त्यांनी विचारलं. "लाव आईला फोन. मी येतेय म्हणून सांग."

मी खरकट्या हातानंच फोन उचलला.