परत खेळलो असतो तर

माझे धाकटे दीर सरळ उभे राहून कधी कुणाशी बोललेच नाहीत. हनुवटी डाव्या खांद्याआड, टाचा किंचित उचललेल्या आणि दोन्ही मुठी छातीशी. तंबाखूची चिमूट मागतानासुद्धा हाच पवित्रा. पलटणीत ते बॉक्सिंगचे चॅम्पियन होते. पलूसकडच्या आमच्या गावात तालीम होती, कुस्त्या होत्या, पण बॉक्सिंग कुणी पाहिलेलं नव्हतं. गावानं त्यांचं नाव बाजूला ठेवलं आणि त्यांना 'बाक्सर' करून टाकलं. मी भाऊजी म्हणायची.

मी भाकरी थापायला बसले की ते चुलीपाशी येऊन माझ्या हातांकडे बघत बसायचे. "वयनी, तुमचा डावा लय चपळ हाय. पलटनीत आसता तर म्याच भ्यालो आसतो," म्हणायचे. असं काही बोलून हसवलं की भाकरी हमखास वाकडी व्हायची, आणि ती वाकडी भाकरी ते स्वतःच्या ताटात घ्यायचे.

त्यांच्या बोलण्यात एक नाव सारखं यायचं. बिरू. माण तालुक्यातला धनगराचा मुलगा, डावरा, दुसऱ्या पलटणीचा चॅम्पियन. महायुद्धाच्या आधी पुण्याच्या छावणीत दोघांची लढत झाली आणि भाऊजी अगदी थोडक्यात जिंकले. संध्याकाळी बिरू फुटलेल्या भिवईनिशी भाऊजींच्या बराकीत आला आणि म्हणाला, "गड्या, आज तू. परत खेळलो की म्या." त्या दिवसापासून दोघं एका ताटात जेवू लागले. पुढं दोन्ही पलटणी बोटीवर चढल्या आणि इटलीच्या लढाईवर गेल्या.

भाऊजी परत आले ते एकटेच. गावाला त्याचं काही वाटलं नाही, कारण बिरू गावात कुणी पाहिलाच नव्हता. रोज संध्याकाळी पारावर कुणीतरी विचारायचंच, "काय बाक्सर, परत लढत झाली तर जिंकंल कोन?" मग भाऊजी उभे राहायचे. "पैल्या फेरीत त्यो नुसता फिरवंल मला. डावरा हाय, ठोसा कुठनं यील कळत न्हाई. दुसरीत म्या बरगडीवर घेनार. तिसरीत दोगं बी दमल्यालं."

"आरं, पर जिंकंल कोन?"

"बघू की!" एवढं बोलून ते धोतर झटकून घरी निघायचे. निकाल त्यांनी कधीच सांगितला नाही. लढत लागली की बैलगाड्या जुंपून बघायला जायचं, असा गावातल्या पोरांचा बेत ठरलेला होता.

बिरू इटलीत एक नदी ओलांडताना मारला गेला होता. घरी आल्या दिवशीच भाऊजींनी ते ह्यांना आणि मला सांगितलं आणि बजावलं, "गावात बोलू नगा." एकदा गोठ्यात मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, गेलेल्या मानसाची लढत किती दिस सांगनार?" ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "सांगतुया तवर चाललीया की, वयनी."

सुगी झाली की माणकडचे धनगर मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठी उतरतात. रिकाम्या रानात मेंढरं बसवली की जमिनीला खत मिळतं. त्या वर्षी त्यांतला एक म्हातारा भर दुपारी बाक्सरचं घर विचारत आमच्या दारात आला. मागोमाग पारावरची माणसंही आली. खांद्यावरचं घोंगडं खाली ठेवून म्हातारा म्हणाला, "म्या बिरूचा बाप."

मी गूळपाणी आणून दिलं. त्यानं ते तसंच हातात धरलं. "पोरगं गेलं ते सरकारनं कळवलं. शेवटच्या रजंवर आला तवा म्हनला हुता, बाबा, परत खेळलो की म्याच जिंकनार. आवं, तुमी खेळलाय त्येच्यासंगं. खरं सांगा. जिंकला आसता का माझा बिरू?"

बिरू गेलाय हे गावाला त्या घडीला कळलं.

"जिंकला आसता," भाऊजी म्हणाले. त्यांच्या मुठी सुटल्या होत्या. "बोटीवर चढायच्या आदी सायबानं इचारलं हुतं, तुमची दोगांची परत लावू का? बिरू एका पायावर तयार. म्या म्हनलं, हात दुखतुया, लढाईवरनं आल्यावर खेळू." ते खाली बसले. "हात दुखत न्हवता, बाबा. त्येची तयारी म्या रोज बघत हुतो. ह्या खेपेला हारनार हे मला कळलं हुतं. भ्यालो म्या. त्येच्या हक्काची जीत म्या त्येला घिऊ दिली न्हाई."

ह्यांनी मान खाली घातली. म्हातारा आता उठून चालू लागेल असं मला वाटलं. तो उठला, पण भाऊजींच्या शेजारी येऊन टेकला. त्यांचा उजवा हात त्यानं मांडीवर घेतला आणि मनगटापासून बोटांपर्यंत सावकाश चोळू लागला.

"दुखत आसंल रं लेकरा," तो म्हणाला. "थंडीवाऱ्याचं हात दुखत्यात."

लढाईवरून आल्यापासून भाऊजींच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी ते असे हंबरून रडले की शेजारच्या बायका काय झालं म्हणून धावत आल्या.

मेंढरं हलली तेव्हा "नदीपातूर जाऊन येतो" म्हणून ते म्हाताऱ्याबरोबर गेले, आणि माणलाच राहिले. बिरूच्या आईला दिसत नाही, मेंढरांमागं फिरायला कुणी नाही, असा निरोप आला. दिवाळीला एकदा येऊन गेले, काळे पडलेले, डोक्याला धनगरी पटका. "आपलं उसाचं रान टाकून लोकांची मेंढरं राखतोय," म्हणून हे चिडचिड करायचे, आणि जेवायला बसले की शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघायचे.

पुढच्या उन्हाळ्यात तिकडं तापाची साथ आली आणि त्यात भाऊजी गेले. आम्हांला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. हे माणला पोचले तर म्हातारा मेंढरांमागं गेलेला. दारात बिरूची आंधळी आई एकटीच बसली होती. तिनं विचारलं, "कोन?"

"म्या पलूसकडनं आलोय," हे म्हणाले. "तुमच्याकडं ऱ्हात हुता, त्येचा भाऊ."

म्हातारीनं नकारार्थी मान हलवली. "न्हाई बाबा," ती म्हणाली. "त्येचा भाऊ लढाईत गेला."