तपकिरीच्या गिरणीतले इब्राहिमचाचा

इब्राहिमचाचा गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. "बरं," एवढंच म्हणालो आणि पुन्हा मेथी निवडू लागलो. या वयात अशा बातम्या येतातच.

सौदीतल्या अबकैकच्या तेलप्रकल्पात ते फिटर, मी ड्राफ्ट्समन. आमच्या क्वार्टरमधला तिसरा म्हणजे केरळचा जोसेफ. चाचा राजापूरकडचे, पण तरुणपणाची बारा वर्षं त्यांनी उत्तर इंग्लंडातल्या एका तपकिरीच्या गिरणीत काढलेली. ते ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं चाक, तंबाखू कुटणारी मुसळं, भिंतींवर चढलेली पूड... मग ती मीठपाणी लावून पिंपांत मुरवायची, आणि गुलाबाचं अत्तर मालक स्वतः दार लावून मिसळणार. तिकडच्या कोळशाच्या खाणीत विडी ओढायला बंदी, म्हणून खाणकामगार तपकीर ओढत. आमच्या प्रकल्पातही काडी पेटवायची सोय नव्हती, तेव्हा चाचांची चिमूट दिवसभर चालू. "पिंपात नाक घालून माल पास करायचो मी," ते ऐटीत सांगत. "साहेबापेक्षा माझं नाक तेज!" आम्ही त्यांची यथेच्छ टर उडवायचो.

मग आखाती युद्ध पेटलं. कंपनीनं गॅसचे मुखवटे वाटले. भोंगा झाला की न्हाणीघराच्या फटींना चिकटपट्टी लावून आम्ही तिघं आत बसायचो. जोसेफला दमा. मुखवट्यात पाच मिनिटांत त्याचा जीव घाबरा व्हायचा, आणि धोका टळल्याचा भोंगा काही लवकर होत नसे. पण हवेत विष आहे की नाही, हे कोण सांगणार? पहिल्याच दिवशी चाचांनी स्वतःचा मुखवटा काढला, खोल श्वास घेतला, जरा थांबले... मग म्हणाले, "हवा साफ हाय रे. यल्ला, चल जोसेफ, मुखवटा निकाल." त्यानंतर दर वेळी हेच. त्या नाकावर आमचा पुरता भरवसा बसला.

गेल्या आठवड्यात चाचींना भेटायला राजापूरला गेलो. त्या नाकाचं कौतुक केलं, तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"त्यांना वास कुठं येत होता? तपकिरीनं नाक पार मेलं होतं. म्हणून तर गिरणीवाल्यानं कामावरून काढलं, नि ते सौदीला गेले."

चाचांच्या समोर शेगडीवर दूध करपायचं, ते मला तेव्हा कुठं आठवलं. म्हणजे ते हवा हुंगत नव्हते... त्या हवेनं स्वतःला काही होतंय का, एवढंच बघत होते. मला लाज वाटली. भोंगा सात वेळा झाला होता. सातही वेळा त्यांनीच आधी श्वास घेतला, आणि मी मुखवटा लावून बघत बसलो. "आज मी काढतो," असं एकदाही म्हणालो नाही.